मॉरिशसला जाताय? एक सकाळ आप्रवासी घाटासाठी ठेवा

मुंबईहून मॉरिशसला जाणाऱ्या सहलींचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. एक दिवस दक्षिणेकडे, म्हणजे शामारेलची सात रंगांची माती आणि गंगा तलाव. एक दिवस इल ओ सेर्फचं बेट. उरलेला वेळ हॉटेलसमोरच्या निळ्या पाण्यात. राजधानी पोर्ट लुईच्या वाट्याला दोन तास येतात, आणि तेही कोदाँच्या धक्क्यावरच्या दुकानांत संपतात. त्या दुकानांपासून बंदराच्या कडेकडेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की काळ्या दगडाच्या काही भिंती, एक दरवाजा आणि धक्क्याकडून वर येणाऱ्या थोड्या पायऱ्या लागतात. बसच्या खिडकीतून पाहिलं तर जुनं गोदाम वाटावं. सहलीची गाडी तिथं थांबत नाही, कारण समोर उभं राहून फोटो काढावा असं तिथं फारसं काही नाही.

हाच आप्रवासी घाट, हिंदुस्थानातून करारावर आणलेले मजूर जिथं उतरले ती जागा. तिला एक अख्खी सकाळ द्या. जमलं तर आणखी एक सकाळ मोका नावाच्या गावातल्या छोट्या संग्रहालयाला द्या. ही दोन्ही ठिकाणं घाईनं न उरकता कशी बघायची, हे सांगायला हा लेख लिहितो आहे.

आधी आमच्या फजितीचा किस्सा, म्हणजे तुमचा हेलपाटा वाचेल. आम्ही पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. आप्रवासी घाट रविवारी बंद असतो. सार्वजनिक सुट्टीलाही बंद, आणि शनिवारी दुपारच्या आत दार लागतं. मॉरिशसमध्ये सुट्ट्या भरपूर. दिवाळी, महाशिवरात्र, थायपूसम, ईद, चिनी नववर्ष, नाताळ असे सगळ्यांचे सण तिथं सगळ्यांचे असतात. म्हणून हॉटेल ठरवतानाच त्या आठवड्यातल्या सुट्ट्या बघा. सोमवार ते शुक्रवारची सकाळ सगळ्यात चांगली. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पोर्ट लुई तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं असल्यानं बाकीच्या बेटापेक्षा उकडतं. नोव्हेंबर ते एप्रिल तिथला उन्हाळा असतो, वादळंही याच काळात येतात. त्या दिवसांत गेलात तर उघडताक्षणी पोहोचा. अवशेष उघड्यावर आहेत, टोपी आणि पाणी लागतंच.

जाण्यापूर्वी एवढं तरी माहीत असावं

संग्रहालयात गेल्यावर सगळं कळेल, अशा भरवशावर जाऊ नये. तिथल्या फलकांवरची निम्मी वाक्यं, मागचापुढचा संदर्भ ठाऊक असेल तरच डोक्यात शिरतात.

ब्रिटिशांनी मॉरिशसमधली गुलामगिरी १८३५ साली संपवली. उसाचे मळे मात्र वाढत होते, आणि मुक्त होणाऱ्या माणसांना त्याच मालकाच्या त्याच शेतात राबायचं नव्हतं. म्हणून गुलामगिरी संपण्याच्या आधीच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायचं ठरलं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. गुलामगिरीऐवजी ‘मुक्त’ मजूर चालतात का, याचा इंग्रजांनी केलेला हा ‘महान प्रयोग’. प्रयोग मळेवाल्यांना इतका मानवला की मॉरिशसच्या पाठोपाठ त्रिनिदाद, गयाना, सुरीनाम, फिजी, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, सगळीकडे तोच कित्ता गिरवला गेला.

सुरुवातीच्या वर्षांत इतके गैरप्रकार झाले की १८३८ साली ही मजूरभरती बंद करावी लागली. १८४२ मध्ये सरकारी देखरेखीखाली ती पुन्हा सुरू झाली. उतरणाऱ्या माणसांची नोंद, तपासणी आणि वाटणी एका जागी व्हावी म्हणून १८४९ मध्ये बंदराच्या त्रू फाँफारों या भागात डेपो उभा राहिला. तोच हा घाट. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख माणसं या बंदरातून गेली. बहुतेकांना मॉरिशसच्या मळ्यांवर पाठवलं, काहींना इथून पुढे रीयुनियन, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅरिबियन बेटांकडे. मॉरिशसला आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश परत गेले. हा आकडा लक्षात ठेवा. ‘गेले ते गेलेच’ असं आपण समजतो, ते खरं नाही.

सर्वांत जास्त माणसं कलकत्त्याहून आली, म्हणजे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. त्याखालोखाल मद्रासहून. मुंबई बंदराचा वाटा त्या मानानं बराच लहान, आणि तोही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतला. पण त्या लहान वाट्यात रत्नागिरी जिल्ह्याची माणसं सर्वांत ठळक, आणि त्यांच्या जोडीला सातारा-कोल्हापूरकडची. रत्नागिरीतून माणूस बाहेर पडणं नवं नव्हतं. खोताची जमीन, पोटापुरतं न पिकणारं वरकस, म्हणून घरटी एक जण पलटणीत किंवा मुंबईला असायचाच. मुंबईचा चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा. मॉरिशसला गेलेल्याकडून पाच वर्षांचा करार बांधून घेत, आणि १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला तर मळेवाल्यांनी परतीचं फुकट तिकीटही बंद करून घेतलं.

जमल्यास आधी काही वाचून जा. अभिमन्यू अनत या मॉरिशसच्या लेखकाची ‘लाल पसीना’ (१९७७) ही हिंदी कादंबरी मराठी वाचकाला अवघड जात नाही. जहाजावरचा प्रवास समजून घ्यायचा असेल तर अमिताव घोष यांची ‘सी ऑफ पॉपीज’ आहे. दोन्ही कादंबऱ्याच आहेत, इतिहासाचे दाखले नव्हेत. पण कादंबरी वाचून गेलेला माणूस रिकाम्या खोलीत जास्त वेळ उभा राहतो, हा अनुभव.

‘घाट’ कुठे आहे?

नावानं मराठी माणूस थोडा फसतो. घाट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी कुंभार्ली, आंबा, वरंधा उभे राहतात, आणि मग नदीचा घाट. हा घाट हिंदीतला, नदीच्या काठचा. ‘आप्रवासी’ म्हणजे बाहेरून येऊन वसलेला. पूर्वी या जागेला ‘कुली घाट’ म्हणत. १९८७ मध्ये ते नाव टाकलं गेलं. युनेस्कोनं २००६ साली घाटाला जागतिक वारसा मानलं, तेही नव्या नावानं. तिथं फिरताना ‘कुली’ शब्द तोंडात येऊ देऊ नका. आपल्याकडे तो रेल्वे स्टेशनवरचा शब्द आहे. तिथं ती शिवी होती आणि अजून कोणाकोणाला बोचते.

सुरुवात आवारातल्याच ‘बिक्रमसिंग रामलाला इंटरप्रिटेशन सेंटर’पासून करा. हे दालन २०१४ मध्ये उघडलं. पुष्कळ जण उलट करतात. आधी बाहेरचे अवशेष पाच मिनिटांत बघून घेतात आणि मग ऊन लागतं म्हणून आत येतात. आधी आत शिरा. भरती कशी व्हायची, जहाजावर काय व्हायचं, मळ्यावरच्या वस्तीत माणसं कशी राहत, हे सगळं तिथं क्रमानं मांडलेलं आहे. करारात महिना पाच रुपये पगार आणि तांदूळ-डाळ-मीठ असा शिधा लिहिलेला असे. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, ही ‘डबल कट’ची पद्धत मात्र मळ्यावर पोहोचल्यावर कळे. या एका गोष्टीजवळ थांबा आणि हिशेब मांडून बघा. महिन्यात आठ दिवस आजारी पडलेल्या माणसाच्या हातात काय उरत असेल?

मार्गदर्शकाची मदत मिळत असेल तर जरूर घ्या. आपण हिंदुस्थानातून आलो म्हटल्यावर हिंदी येणारा कोणी ना कोणी बहुधा भेटतो. भोजपुरी ऐकायला मिळाली तर आणखी बरं.

मग बाहेर या. उरलेली जागा किती आहे? सोळाशे चाळीस चौरस मीटर, आपल्या भाषेत जेमतेम सोळा गुंठे. १८६० च्या दशकातल्या मूळ बांधकामापैकी पंधरा टक्केच शिल्लक आहे. बाकीचं रस्त्यानं आणि बंदराच्या वाढीनं गिळलं. जे आहे त्यात दरवाजाजवळची पहारेकऱ्याची खोली, दवाखान्याचे अवशेष, स्वयंपाकाच्या आणि अंघोळीच्या जागा, शौचकूप आणि त्या पायऱ्या. पायऱ्या सोळा, असं सगळे सांगतात. जहाजातून उतरलेल्या प्रत्येकाला त्या चढाव्या लागल्या, म्हणून आता त्या देवळाच्या पायरीसारख्या मानल्या जातात. लोक फुलं वाहतात, काही जण वाकून हात लावतात. आपल्याला तसं वाटलं तर करावं, नाही वाटलं तर बाजूला उभं राहावं. त्यांवर बसून फोटो मात्र काढू नये.

माझ्या मते पायऱ्यांपेक्षा शौचकूप जास्त बोलतात. ऐकायला विचित्र वाटेल. पण पायऱ्यांवर भाषणं होतात, पाहुणे येतात, हार पडतात. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू २०२४ च्या मार्चमध्ये इथं येऊन गेल्या. शौचकुपांची रांग मात्र तशीच्या तशी आहे. आठवडेच्या आठवडे जहाजाच्या पोटात काढून आलेल्या शेकडो माणसांना दोन-तीन दिवस एका आवारात ठेवायचं, त्यांच्यात रोग पसरू द्यायचा नाही, आणि मग मळेवाल्यांच्या हवाली करायचं, यासाठी सरकारनं किती दगड, किती नाल्या, किती भिंती खर्च केल्या ते तिथं दिसतं. दवाखाना दयेपोटी नव्हता, माल खराब होऊ नये म्हणून होता, असं एकदा वाटलं की पुढची प्रत्येक खोली वेगळी दिसते. कोणी याच्याशी असहमत असू शकतं. मार्गदर्शकाला विचारा. ही चर्चा तिथं नेहमी होते आणि त्यांना ती आवडते.

भिंतीचा दगड हात लावून बघा. ओळखीचा वाटेल. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे, आणि भूशास्त्रज्ञ सांगतात की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त बिंदूनं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा कातळ ओतला, त्याच बिंदूनं फार पुढे मॉरिशस आणि रीयुनियन घडवले. सह्याद्री आणि हे बेट दगडानं सख्खे आहेत. राजापूरहून आलेल्या माणसाला भाषा, झाडं, समुद्राचा रंग सगळं परकं वाटलं असेल, पायाखालचा कातळ तेवढा घरचा. दगडाची गोष्ट इथंच संपत नाही, पुढे पुन्हा येते.

एक नाव शोधा

संग्रहालयातून बाहेर पडताना लोकांच्या डोक्यात ‘पाच लाख’ हा आकडा असतो. आठवड्यात तो विसरला जातो. मी सांगतो, एका माणसाची नोंद निवडा. दालनात नोंदींच्या आणि ओळखपत्रांच्या प्रतिमा लावलेल्या असतात. त्यातली एक निवडून शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, वहीत उतरवून घ्या.

येणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा आणि तो मरेपर्यंत पाठ सोडायचा नाही. क्रमांकापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, जहाज, आणि शरीरावरच्या खुणा. डाव्या भुवईवर व्रण, उजव्या दंडावर गोंदण, असं. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. आपल्याकडच्या खेड्यांत त्या काळात राजेरजवाड्यांखेरीज कोणाचा फोटो असणार? आणि इथं शेतमजुरांचे हजारो चेहरे आहेत. पण नीट बघा. फोटो आठवणीसाठी काढलेला नाही. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेलं ओळखपत्र आणि पोलिसांचा परवाना खिशात बाळगावा लागे. नसला की भटक्या ठरवून पकडत. त्या फोटोत कोणी हसत नाही यात काय नवल!

याच जाचाविरुद्ध १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी सह्या-अंगठे करून अर्ज दिला. आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका मळेवाल्यानं त्यांना साथ दिली आणि त्याबद्दल स्वतःच्या गोऱ्या बिरादरीचा मारही खाल्ला. पुढे इंग्लंडहून शाही आयोग आला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला. बिचारे फसवून नेलेले लोक, एवढीच गोष्ट मनात धरून आलेल्या माणसानं हा अर्ज विसरू नये.

मुलं बरोबर असतील तर त्यांना कामाला लावा. भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून आपली उंची मोजायची सवय प्रत्येक घरात असते. नोंदीतल्या माणसाची उंची किती, आपल्या बाबांपेक्षा तो किती कमी, वय काय, हे त्यांना शोधू द्या. माझ्या ओळखीच्या एका दहा वर्षांच्या मुलानं विचारलं होतं, “याच्या आईचं नाव का नाही लिहिलं?” आम्ही मोठी माणसं तोवर तीन नोंदी वाचून पुढे गेलो होतो.

बायकांची संख्या कमी होती. सुरुवातीला तर अगदी थोड्या. पुढे सरकारनं जहाजात बायकांचं प्रमाण ठरवून दिलं. एकट्या आलेल्या, विधवा, नवऱ्याला सोडून निघालेल्या, अशा बायकांच्या नोंदी दिसल्या तर तिथं जास्त थांबा. त्यांच्याबद्दल फलकांवर थोडं लिहिलेलं असतं, त्यामुळे आपणच नोंदीच्या ओळींमधून वाचावं लागतं.

मोका

मूळ नोंदवह्या घाटावर नाहीत. त्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, पोर्ट लुईहून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. गांधीजी १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतताना जहाज थांबलं म्हणून मॉरिशसमध्ये काही दिवस राहिले होते. त्या आठवणीनं १९७० मध्ये ही संस्था निघाली. तिच्याच आवारात भारतीय आप्रवासनाचं लोकसंग्रहालय आहे. मला हे घाटापेक्षाही आवडतं, आणि सहलवाले इथं कधीच आणत नाहीत.

घाट सरकारचा आहे, त्यावर सरकारची दृष्टी आहे. मोकाच्या दालनात घरच्या वस्तू आहेत. स्वयंपाकाची भांडी, दागिने, वाद्यं, पोथ्या, शेतीची अवजारं. इथं मराठी माणूस तज्ज्ञ असतो. पाट्या न वाचता ओळखता येणाऱ्या वस्तू मोजत चला. बरोबर आजी असेल तर तिला पुढे घाला. तिला ज्या वस्तूचा उपयोग ठाऊक असेल, त्याची पाटी चुकलेलीही निघू शकते. वस्तू पाहताना एकच प्रश्न विचारायचा. हे बरोबर आणलेलं आहे की इथं घडवलेलं? सोन्याचा दागिना गाठीला बांधून आणता येतो. पाटा-वरवंटा कोण जहाजात घालून आणणार? तो त्याच काळ्या दगडातून इथंच घडवला. म्हणजे त्या माणसानं राहायचं ठरवलं होतं.

नोंदवह्यांच्या विभागात मात्र वाट्टेल तेव्हा जाता येत नाही. पूर्वजाची नोंद काढायची असेल तर आधी पत्रव्यवहार करा, नियम विचारा, काम कोणत्या दिवशी चालतं ते माहीत करून घ्या. मॉरिशसच्या लोकांची इथं सतत ये-जा असते. २०२४ मध्ये सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना भारताचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं ओळखपत्र, देण्याची घोषणा झाली, आणि त्यामुळे पूर्वजाचा कागद ही आता नुसती हौस उरली नाही.

शोधणाऱ्याला दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिली, आडनावावर भिस्त ठेवू नका. नोंदीत बहुधा स्वतःचं नाव आणि बापाचं नाव असतं. कदम, मोरे, शिंदे हे लिहून घेण्याची कारकुनाला गरज वाटली नाही. पुढच्या पिढीत बापाचं नाव हेच आडनाव झालं. त्यामुळे आज तिथं सखाराम, बाबाजी, रामजी ही आडनावं म्हणून भेटतात. दुसरी, गावाचं स्पेलिंग. कारकून ऐकेल तसं लिहायचा. तेव्हाच्या इंग्रजी कागदांत रत्नागिरी ‘रटनाघेरी’ होते, सातारा ‘सट्टारा’, ठाणे ‘टॅना’. गावाचं नाव तोंडानं चार प्रकारे म्हणून बघा, मग यादीत शोधा. आणि नोंदीत जात लिहिलेली असते, तिच्याबद्दल जपून. ती कारकुनानं ऐकून लिहिलेली असते, कधी सांगणाऱ्यानं बदलून सांगितलेली. समोर बसलेल्या वंशजाला ती वाचून दाखवायची घाई करू नये.

बाहेर पडल्यावर

घाटाहून मध्यवर्ती बाजारापर्यंत चालत जा आणि डॉल पुरी खा. वाटाण्याच्या पिवळ्या डाळीचं सारण भरलेली, कागदासारखी पातळ पोळी, आत घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि लोणचं. पुरणपोळीची तिखट चुलत बहीण म्हणावं. दोन-दोन पुऱ्यांची जोडी मिळते, एका जोडीवर भागत नाही.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी उसाच्या शेतांमधून एक फेरी मारावी. शेतात मध्येच काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात, काही तर पिरॅमिडसारखे रचलेले. वाटाड्या त्याबद्दल बोलेल न बोलेल. जमीन ऊस लावण्याजोगी करायला मजुरांनी हातानं वेचलेले दगड ते. मॉरिशसच्या घराघरांत एक गोष्ट सांगतात, की भरती करणारे दलाल म्हणायचे, तिथं दगड उलटला की खाली सोनं सापडतं. माणसांनी दगड उलटले खरे. सोनं मळेवाल्याला सापडलं. पुढे १८७० नंतर साखरेचे भाव पडत गेले, मोठे मळे तुकडे पाडून विकू लागले, तेव्हा याच मजुरांनी पै-पै साठवून एकेक तुकडा विकत घेतला. आजची गावं त्यातून वसली. संग्रहालयात ज्याला ‘वसाहत’ म्हणतात ती ही, आणि ती बघायला तिकीट लागत नाही. त्रियानों इथं मजुरांच्या दगडी चाळी जतन केलेल्या आहेत. रस्त्यात असतील तर थांबा, मुद्दाम जाण्याएवढं तिथं नाही.

वाकोआकडचं हेन्रिएटा आणि पश्चिमेकडचं कास्काव्हेल ही मराठी वस्तीची गावं. हेन्रिएटात १८९६ साली पहिला गणपती बसला असं तिथं सांगतात. गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते, पण आपल्या दिवशी नाही. सुट्टी दुसऱ्या दिवशी, विसर्जनाची. दीड दिवसाच्या गणपतीचा कोकणातला हिशेब एका देशाच्या कॅलेंडरात छापला गेला आहे! आपल्या जाखडी नाचाला तिथं ‘झाकरी’ म्हणतात. गणपतीच्या दिवसांत गेलात तर संग्रहालय बंद असलं तरी सहल फुकट जात नाही.

मात्र कोणा मराठी घरी पाहुणे म्हणून गेलात, तर पहिल्याच वाक्याला “मराठी येतं का?” असं विचारू नका. घरात क्रिओल बोलतात, शाळेत मुलं मराठी शिकतात, परीक्षा देतात. आपण पुण्या-मुंबईचे लोक दीडशे वर्षांनी त्यांची तोंडी परीक्षा घ्यायला आलो असं त्यांना वाटतं, आणि ते खोटं नाही. आपणच चार वाक्यं मराठीत बोलावीत, उत्तर येईल त्या भाषेत ऐकावं. त्यांच्या एखाद्या शब्दाला हसण्याआधी आठवावं, की आपल्याकडे तो शब्द बहुधा पणजोबांबरोबर गेला.

आणखी एक. २ नोव्हेंबर हा मॉरिशसमध्ये मजुरांच्या आगमनाच्या स्मरणाचा सुट्टीचा दिवस. त्या दिवशी घाटावर सरकारी समारंभ होतो, मोठी मंडळी येतात, भाषणं होतात. तो पाहण्यासारखा आहे, पण संग्रहालय पाहायला तो दिवस बरा नाही. समारंभ त्या दिवशी पाहा, घाट दुसऱ्या दिवशी.

आणि हे सगळं मॉरिशसलाच सुरू व्हायला हवं असं नाही. रत्नागिरी, राजापूर, संगमेश्वर, सातारा, कोल्हापूर, कुठल्याही घरात “आजोबांच्या आजोबांचा एक भाऊ आगबोटीनं गेला, पुढे काही कळलं नाही” अशी एखादी अर्धी गोष्ट असते. तुमच्या घरी असेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, आणि त्या भावाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि वाडीसकट गावाचं नाव कागदावर उतरवून घ्या. तो कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवूनच विमानात बसा.